बावची, ऊन आणि पांढरे डाग

काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात 'बावच्या द्या' म्हटले, की कागदाच्या पुडीत मूठभर काळे दाणे बांधून मिळतात. ते मुगापेक्षा थोडे लहान, चपटसर आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे असतात. आपण त्यांना बी म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात ती बावचीची एकबीजी शेंग असते आणि शेंगेची साल आतल्या बियाला इतकी घट्ट चिकटलेली असते, की ती वेगळी काढता येत नाही. दोन बोटांत दाणा चुरला, की बोटांना किंचित चिकट तेल लागते आणि उग्र, कडवट-सुगंधी वास येतो. साबणाने हात धुतल्यावरही तो बराच वेळ रेंगाळतो. याच वासासाठी अनेक घरांत गव्हला, कचोरा, नागरमोथा यांच्या जोडीने बावची शिकेकाईत दळून घेतात. संस्कृत वैद्यांना मात्र हा वास तितकासा आवडला नसावा, कारण त्यांनी बावचीला दिलेल्या अनेक नावांपैकी एक 'पूतिफली', म्हणजे दुर्गंधी फळाची, असे आहे. बाकुची, सोमराजी, अवल्गुजा आणि कुष्ठघ्नी ही तिची इतर नावे होत.

बावचीचे रोप वर्षायू असते. भारतभर कोरड्या मैदानी भागात, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला ते पावसाळ्यात उगवते, कमरेपर्यंत किंवा थोडे अधिक वाढते आणि त्याला जांभळट फुलांचे लहान झुबके येतात. त्याचे गोलसर, दातेरी पान उजेडासमोर धरले, तर पानभर बारीक ठिपके दिसतात. या तैलग्रंथी होत. त्यांच्यामुळेच पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी या प्रजातीला 'खरजुल्या अंगाची' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'सोरालिया' हे नाव दिले. त्वचेच्या रुग्णालयांत आज रोज वापरला जाणारा 'सोरालेन' हा शब्द याच नावापासून आला आहे.

बावचीबद्दल जे काही लिहिले आणि सांगितले जाते, त्यातली मुख्य गोष्ट अनेकदा सुटते, म्हणून ती आरंभीच सांगतो. कोडावरचे औषध म्हणून बावची अर्धीच असते. उरलेले अर्धे औषध म्हणजे ऊन. बावचीतील ज्या द्रव्यामुळे पांढऱ्या डागावर रंग परततो, त्याच द्रव्यामुळे चांगली त्वचाही भाजते, आणि या दोहोंपैकी काय घडेल हे द्रव्याचे प्रमाण आणि उन्हाचा वेळ या दोन गोष्टींवर ठरते. म्हणून 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे आश्वासन बावचीला लागू पडत नाही.

ज्या रोगासाठी ती वापरली जाते, तो आधी समजून घेऊ. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एखाद्या भागातून नाहीशा झाल्या, की तिथे दुधासारखा पांढरा डाग दिसतो. बोलीत आपण त्याला कोड म्हणतो, वैद्यकीय भाषेत व्हिटिलिगो. बहुतेक रुग्णांत शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या रंगपेशींना परक्या समजून नष्ट करते. जगात साधारणपणे दर शंभरांत एका व्यक्तीला, काही अंदाजांनुसार दोघांना, हा विकार असतो. तो संसर्गजन्य नाही, त्याने अवयव झडत नाहीत आणि आयुष्यही कमी होत नाही. तरीही आपल्या समाजात कोडामुळे ठरलेली लग्ने मोडली आहेत आणि मुलींना लांब बाह्यांत आयुष्य काढावे लागले आहे. हा त्रास त्वचेच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन नेमक्या याच प्रश्नावर काम करते.

आयुर्वेदात हा विकार 'श्वित्र' किंवा 'किलास' या नावाने येतो आणि त्याचे वर्णन कुष्ठाच्या प्रकरणात आहे. आज आपण 'कुष्ठरोग' म्हणजे महारोग एवढेच समजतो. ग्रंथांतील 'कुष्ठ' हा शब्द मात्र त्वचेच्या लहानमोठ्या अठरा विकारांची छत्री आहे, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. या अठरांपासून किलास वेगळे कसे ओळखावे, हे सुश्रुताने नेमके सांगितले आहे: किलास त्वचेपुरतेच राहते आणि त्यातून स्राव होत नाही. वात, पित्त व कफ हे तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस व लसीका (शरीरातील पाणीदार द्रव) अशा सात घटकांच्या बिघाडातून कुष्ठ होते, अशी त्या काळची मांडणी होती, आणि त्वचेच्या कांतीचे काम भ्राजक पित्ताकडे सोपवलेले होते. ही भाषा आजच्या पेशींच्या भाषेत शब्दशः बसवण्याचा आटापिटा काही लेखक करतात. माझ्या मते त्याची गरज नाही, कारण ग्रंथांचे खरे सामर्थ्य त्यांच्या निरीक्षणांत आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदयात निदानस्थानाच्या चौदाव्या अध्यायात कोणते श्वित्र बरे होण्यासारखे आहे, हे एका श्लोकात बांधले आहे. ज्या डागावरचे केस पांढरे झालेले नाहीत, जो जाड नाही, जो शेजारच्या डागाशी मिसळलेला नाही, जो नवा आहे आणि जो भाजल्यामुळे उद्भवलेला नाही, तो साध्य. याखेरीज इतर सोडून द्यावे. पुढे तो म्हणतो की गुह्यांग, तळवे आणि ओठ यांवरचा डाग नवा असला, तरी हट्ट धरू नये. आता आजचा त्वचारोगतज्ज्ञ काय पाहतो ते पाहा. डाग असलेल्या त्वचेवरच्या रंगपेशी संपल्या, तरी केसांच्या मुळांशी खोलवर त्यांचा राखीव साठा शिल्लक असू शकतो. उपचाराने या पेशी जाग्या झाल्या, तर त्या मुळातून वर चढतात आणि प्रत्येक केसाभोवती तपकिरी ठिपका उमटतो. रांगोळी काढताना आधी ठिपके घालावेत आणि मग ते जोडत जावेत, तसे हे ठिपके हळूहळू पसरून एकमेकांना मिळतात आणि डाग भरत जातो. केस पांढरा झाला, याचा अर्थ राखीव साठाही संपला. तळहात, तळपाय आणि ओठ यांवर केसच नसतात, त्यामुळे तिथे साठा नसतो. केसांच्या मुळांतील पेशींबद्दल काहीही माहीत नसताना, केवळ शेकडो रुग्णांकडे बारकाईने पाहून बांधलेला हा श्लोक आजच्या पाठ्यपुस्तकाशी इतका जुळतो, याचे मला दर वेळी नव्याने नवल वाटते.

उन्हाचेही तसेच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात श्वित्राच्या रुग्णाला मलपूचा रस गुळाबरोबर देऊन विरेचन करावे, म्हणजे जुलाब द्यावा, त्यानंतर त्याने आपल्या ताकदीनुसार सूर्याचा ताप अंगावर घ्यावा, तीन दिवस तहान लागेल तेव्हा पेज प्यावी, आणि डागावर फोड आले तर ते काट्याने फोडावेत, असा क्रम दिला आहे. मलपू म्हणजे काकोदुंबर, अर्थात उंबर-अंजिराच्या कुळातले झाड, असे टीकाकार सांगतात. अंजिराच्या चिकात बावचीतलेच सोरालेन असते, हे आज माहीत आहे. पुरंदरसारख्या भागात अंजीर तोडताना हाताला चीक लागला आणि त्यावर ऊन पडले, तर फोड येऊन पुढे काळे चट्टे उमटू शकतात. काट्याने फोड फोडण्याचा सल्ला आज कोणी पाळू नये, कारण फोडाची अखंड कातडी हेच जंतूंपासूनचे उत्तम झाकण असते. पण वनस्पती, ऊन आणि फोड ही साखळी त्या वैद्यांनी ओळखली होती, एवढे या वर्णनातून निश्चित दिसते.

बावचीचा बाह्य प्रयोग ग्रंथांत वारंवार येतो. एका प्रसिद्ध लेपात बावचीच्या बियांत चौथा हिस्सा हरताळ मिसळून ते गोमूत्रात वाटायला सांगितले आहे, आणि त्याचा उपयोग 'सवर्णकरण', म्हणजे डागाला आजूबाजूच्या त्वचेचा रंग आणणे, असा दिला आहे. पोथीतील चुकलेले अक्षर झाकण्यासाठी जो पिवळा हरताळ फासत असत आणि ज्यावरून आपल्याकडे 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला, तोच हा पदार्थ. तो आर्सेनिकचा संयुग आहे. तेव्हा हा लेप घरी करून पाहण्याचा विचारही करू नये. भावप्रकाशात बावचीचे फळ पित्त वाढवणारे आणि त्याच वेळी त्वचेला व केसांना हितकर म्हटले आहे. औषध लागू पडते आणि जपून वापरावे लागते, या दोन्ही गोष्टी या वर्णनात आल्या आहेत.

आता या द्रव्याच्या रसायनाकडे वळू. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव या भारतीय संशोधकांनी बावचीच्या बियांचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यातून सोरालेन हे द्रव्य वेगळे केल्याची नोंद झाली. सोरालेनचा रेणू तीन कड्यांचा आणि पत्र्यासारखा चपटा असतो. पेशीतील डीएनए हा पिळलेल्या शिडीसारखा असतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या शिडीच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत हा चपटा रेणू जाऊन बसतो. अंधारात तो तिथे नुसता बसून राहतो आणि काही काळाने निघूनही जातो. त्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील-अ किरण, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, पडल्या, की तो शेजारच्या पायरीला रासायनिक बंधाने जखडला जातो, आणि पुन्हा एक किरण मिळाला तर समोरच्या बाजूलाही जोडला जाऊन शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना खिळवून टाकतो. मग त्या पेशीला विभाजन करता येत नाही. त्वचेत जमलेल्या आक्रमक संरक्षक पेशी यामुळे मंदावतात किंवा मरतात आणि केसांच्या मुळांतील रंगपेशींना वाढीची चालना मिळते. मात्र हाच मारा जास्त झाला, तर त्वचेच्या सर्वसाधारण पेशीही मरतात, आणि तो भाजल्याचा फोड असतो. बावचीत सोरालेनचा आयसोसोरालेन नावाचा एक भाऊही असतो. त्याच्या रेणूचा आकार कोनात वळलेला असल्यामुळे तो शिडीच्या एकाच बाजूला चिकटू शकतो.

ही विद्या केवळ भारताची नव्हती. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणाऱ्या, ओव्याच्या कुळातल्या एका रोपाचे बी खाऊन उन्हात बसण्याची पद्धत कोडासाठी प्रचलित होती आणि तेराव्या शतकातील वैद्य इब्न अल-बैतार याने तिची नोंद केली होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कैरोमध्ये त्या बियांतून सोरालेनच्याच जातीचे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले आणि अब्देल मोनेम एल मोफ्ती या डॉक्टरांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिले. पुढे १९७४ साली अमेरिकेत उन्हाऐवजी अतिनील-अ दिव्यांची कपाटासारखी पेटी वापरून सोरायसिसवर हा उपचार यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि सोरालेन व अतिनील-अ यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेल्या 'पुवा' या नावाने तो जगभर पोहोचला. दिव्यामुळे एक मोठी सोय झाली: प्रकाशाची मात्रा मोजता येऊ लागली. आपल्या गच्चीवरचे ऊन महिन्यागणिक, तासागणिक आणि ढगागणिक बदलते, आणि घरगुती बावची-प्रयोग फसतो तो प्रामुख्याने इथेच.

असा एक प्रयोग मी घरात पाहिला आहे. माझ्या आत्याच्या नडगीवर रुपयाएवढा पांढरा डाग होता. कोणीतरी सांगितले म्हणून तिने बावचीचे तेल आणले, चांगले चोळून लावले आणि सकाळी दहा ते साडेअकरा गच्चीवर कुरड्या घालीत बसली. संध्याकाळपर्यंत काहीच झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने तोच क्रम पुन्हा केला. त्या रात्री पायाची आग सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नडगीवर आवळ्याएवढा पाण्याचा फोड होता, शेजारी लहान फोडांची रांग. तेल डागाबाहेर जिथे जिथे ओघळले होते, तिथे तिथे कातडी लाल झाली होती. फोड बरा झाल्यावर मूळ डागाभोवती जो काळा पट्टा राहिला, तो जायला वर्षभर लागले. यात फसवी बाब होती ती वेळेची. साधे ऊन लागले, तर त्वचा काही तासांत लाल होते. सोरालेनची जळजळ मात्र साधारण चोवीस तासांनंतर दिसू लागते आणि दोन-तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. 'काल काही झाले नाही' या भरवशावर दुसरी मात्रा घेणारा माणूस पहिल्या मात्रेचा परिणाम दिसण्याआधीच ती दुप्पट करीत असतो.

म्हणून वैद्य किंवा त्वचारोगतज्ज्ञ बावचीचा बाह्य प्रयोग सुरू करतात, तेव्हा तेल पातळ केलेले असते, ते कापसाच्या काडीने डागाच्या कडेच्या आतच लावायचे असते, ऊन सुरुवातीला मोजक्या मिनिटांचे आणि कोवळे असते, आणि दोन प्रयोगांत एक-दोन दिवसांचे अंतर ठेवलेले असते. ऊन घेऊन झाल्यावर भाग धुऊन कपड्याने झाकावा लागतो. खिडकीच्या काचेतून अतिनील-अ किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. बसच्या खिडकीशी बसलेल्या माणसाचा तेल लावलेला दंडसुद्धा भाजू शकतो. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांजवळ, हा प्रयोग स्वतःच्या मनाने कधीही करू नये.

चेहऱ्याचा विषय निघाला, म्हणून अलीकडच्या एका गोंधळाविषयी लिहितो. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात गेल्या काही वर्षांत 'बाकुचिऑल' हे नाव सर्वत्र दिसते. हे द्रव्य बावचीच्याच बियांत असते आणि ते प्रथम वेगळे काढले गेले पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिथे सुख देव, गोवर्धन मेहता आणि नायक यांनी १९६६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याची रचना सोरालेनहून पूर्णपणे वेगळी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४४ जणांनी बारा आठवडे ०.५ टक्के बाकुचिऑल किंवा तेवढ्याच प्रमाणाचे रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांवर वापरले जाणारे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, चेहऱ्याला लावले. सुरकुत्या आणि काळसरपणा दोन्ही गटांत जवळपास सारखाच कमी झाला आणि बाकुचिऑलच्या गटात त्वचा सोलवटणे व चुरचुरणे कमी आढळले. चाचणी लहान आहे, पण उत्साहवर्धक आहे. मात्र प्रसाधनातील बाकुचिऑल शुद्ध केलेले असते, त्यातून सोरालेन काढून टाकलेले असते. बाजारात मिळणारे 'बाकुची तेल' म्हणजे बाकुचिऑल नव्हे. नावातील साम्यामुळे आणि किमतीतील फरकामुळे हे तेल रात्री चेहऱ्याला चोळून सकाळी कामावर निघालेल्या मुली आज त्वचेच्या दवाखान्यात येतात, आणि ही चूक केवळ माहितीअभावी होते, याचे अधिक वाईट वाटते.

पोटातून बावची घेणे हा त्याहून गंभीर विषय आहे. परंपरेत ती कच्ची देत नाहीत. गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात सात दिवस भिजवून, वाळवून, म्हणजे शोधन (शुद्धी) करूनच ती वापरण्याचा दंडक आहे. बावचीयुक्त औषधे घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, यकृताचे विकार असलेले आणि उन्हाने त्वचेला त्रास होणारे रुग्ण यांनी ती टाळावी, आणि इतरांनीही वैद्याच्या देखरेखीत व रक्ततपासणीसह घ्यावी. कावीळ, मळमळ, गडद लघवी यांपैकी काहीही दिसले, तर औषध त्याच दिवशी थांबवावे. 'कोड मुळापासून घालवू' अशा जाहिरातींबद्दल एवढे सांगणे पुरे, की १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्यात ज्या रोगांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्या यादीत कोडाचाही समावेश आहे.

कोणताही उपचार सुरू करण्याआधी डाग खरोखर कोडाचाच आहे का, हे पाहावे लागते. छाती-पाठीवरची शिबी बुरशीमुळे येतात आणि बुरशीच्या साध्या औषधाने जातात. लहान मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे, ज्यांना घरोघरी 'जंत झालेत' म्हणतात, ते बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. कुष्ठरोगाचा डाग फिकट असतो, पण पुरता पांढरा नसतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. तिथे बावची लावीत बसण्यात गेलेला प्रत्येक महिना मज्जातंतूंचे नुकसान वाढवतो. कपाळावर नेमका टिकलीच्या जागी किंवा पावलावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा पांढरा डाग आला, तर टिकलीच्या डिंकातील अथवा रबरातील रसायनाकडे आधी संशयाने पाहावे आणि ती वस्तू बदलावी.

निदान कोडाचेच निघाले, तर आज सोरालेनशिवाय चालणारा, ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील-ब दिव्यांचा उपचार अनेक रुग्णालयांत मिळतो. तो अधिक सुरक्षित असल्यामुळे बहुतेक ठिकाणी 'पुवा'च्या जागी आता हाच वापरतात, कारण वर्षानुवर्षे घेतलेल्या 'पुवा'ने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसून आले आहे. ज्यांना आयुर्वेदीय उपचारच घ्यायचे असतील, त्यांनी पदवीधर वैद्याकडे जावे, आधीची सर्व औषधे त्यांना सांगावीत आणि दोन्हीकडचे प्रकाश-उपचार एकाच वेळी घेऊ नयेत.

उपचार कोणताही असो, पहिल्या दिवशी डागाशेजारी एक नाणे ठेवून छायाचित्र काढावे आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढावे. चेहरा आणि मान लवकर प्रतिसाद देतात, हातापायांना वेळ लागतो, बोटांची टोके बहुधा दाद देत नाहीत. छायाचित्र मोठे करून केसांच्या मुळांशी पाहावे. तिथे तीन-चार महिन्यांत मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागले, तर उपचार लागू पडतो आहे. सहा महिन्यांनंतरही एकही ठिपका नसेल, तर ती छायाचित्रे घेऊन वैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जावे आणि पुढे काय करायचे ते विचारावे.